तुमचा कोणता?

हेवी मेटल बँडचं नाव पोस्टरवर वाचता आलं, तर तो बँड अजून शिकाऊ आहे असं समजावं, हा माझ्या मित्राचा सिद्धांत. त्याने फोनवर पाठवलेल्या पोस्टरवर चार बँड होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या काटेरी मुळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि त्या मुळ्यांच्या चार जुड्या म्हणजे चार नावं. मी फोन आडवा केला, उलटा केला, चष्मा काढून पाहिला. वाचता आलं ते एवढंच की कार्यक्रम शनिवारी रात्री ८ ला आहे.

"आठ म्हणजे साडेनऊ," मित्राने खुलासा केला. "पण आपण आठलाच जायचं. मुलांना बरं वाटतं."

आठवडाभर हा माणूस एका बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासतो. कुणाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, कुणाचा जामीनदार आधीच बुडालेला आहे, हे त्याला तोंडपाठ. शनिवारी संध्याकाळी मात्र तो काळा टी-शर्ट चढवतो. टी-शर्टच्या पाठीवर नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा युरोप दौऱ्यातली गावं छापली आहेत. मधल्या काळात कापड आटलं की मालक वाढला, हा वाद त्याच्या घरी अजून मिटलेला नाही, पण ती गावं आता एकमेकांपासून बरीच लांब गेली आहेत. कॉलेजात तो बेस गिटार वाजवायचा. त्यांच्या बँडने गॅदरिंगमध्ये दीड गाणं वाजवलं. उरलेलं अर्धं प्राचार्यांनी मेन स्विच बंद केल्यामुळे राहिलं, आणि माझ्या मते ते कुठेतरी पूर्ण झालेलं ऐकायला मिळावं म्हणूनच तो इतकी वर्षं दुसऱ्यांचे बँड ऐकत हिंडतोय. त्या वर्तुळात त्याला सगळे 'काका' म्हणतात. पूर्वी सोबत बायको असायची. तिने एका दिवाळीत स्पष्ट नकार दिला आणि ती जागा रिकामी झाली. मला नेलं ते त्या रिकाम्या जागेवर.

करी रोडला उतरून आम्ही चालत निघालो. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात कार्यक्रम होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हा दोघांकडे एकवार पाहिलं आणि काही न विचारता डावीकडच्या हॉलचा रस्ता दाखवला. तिथे कुणाची तरी साठीशांत होती. मित्राने त्याला पाठ फिरवून टी-शर्ट दाखवला. पहारेकऱ्याने ती सगळी गावं शांतपणे वाचली आणि म्हणाला, "हो, पण जेवण तिकडेच आहे."

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर या भागातल्या बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. मग धुराडी तेवढी राहिली आणि त्यांच्या पायथ्याशी कचेऱ्या, हॉटेलं, पब आले. मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब होता. तिथला आवाज इतका स्वच्छ असायचा की वाईट बँड वाईट आहे हेही अगदी स्पष्ट ऐकू यायचं, अशी मित्राची आठवण. गिरणी आणि गिटार यांचं नातं मात्र तो त्याहून बरंच मागे नेतो. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैल सोडून सूरच खाली आणला. त्या जड आवाजावर त्याचा ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि हेवी मेटलचा जन्म बहुतेक लोक तिथूनच मोजतात.

"म्हणजे हे संगीत मुळात कामगाराचं," मित्र धुराड्याकडे हात करून म्हणाला. "ते गिरणीत आलं, तर बिघडलं कुठे?"

इथली बिअर गिरणी कामगाराला परवडली असती का, असं मी विचारलं. त्यावर त्याला एकदम कुणीतरी ओळखीचं दिसलं.

दारावरच्या मुलीने पैसे घेतले, त्यातले थोडे पिण्याच्या कुपनात परत दिले आणि मनगटावर शिक्का मारला. वय विचारलं नाही, याचं मित्राला वाईट वाटलं. महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात आणि कडक दारूला पंचवीस. आता पहिल्या बँडचा ड्रमवाला वीस वर्षांचा. मंचावर बसून तो मानवजातीच्या अंताला हवी तेवढी साथ देऊ शकतो, पण खाली उतरून त्याने बिअर मागितली की कायदा आडवा येतो. तो एका कोपऱ्यात फ्रेश लाइम सोडा पीत होता, गोड. मोठ्यांचंही तसं सोपं नाही. आपल्याकडे दारू पिणाऱ्याला परवाना लागतो आणि त्या परवान्याची सरकारी भाषा प्रकृतीच्या रक्षणाची आहे. त्या हिशेबाने काउंटरजवळची मंडळी प्रकृतीला फारच जपत होती.

आठ ते साडेनऊ हा वेळ मित्राने इतिहासाला दिला. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजाशेजारी, रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह. तिथे १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' भरायचं. त्या काळातला मुंबईचा मोठा बँड म्हणजे रॉक मशीन, १९८४ चा. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. ही आडनावं ऐकून मला हायसं वाटलं. बेनेगल आणि तिनईकर कुणाच्याही लग्नात पंगतीला शेजारी बसलेले असू शकतात. मराठीचं काय, असं म्हणताच मित्राने नंदू भेंडे काढले. आत्माराम भेंड्यांचे हे चिरंजीव सत्तरच्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गायचे, 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाले आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त येऊन मराठी रंगमंचावरही रॉकचा गळा लावून गेले. हे सांगताना मित्राचा चेहरा असा झाला होता की आपलं एक कर्जप्रकरण तरी वेळेवर फिटलं.

"मग आपण धोबी तलाव सोडून गिरणीत का?"

"शांतता."

रुग्णालय, न्यायालय, शाळा-कॉलेज यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो. रंगभवनाच्या आसपास कॉलेज आहे, रुग्णालयं आहेत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि पुढे रॉक तिथून उठलं. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४०. चाळीस म्हणजे किती, असं मी विचारलं. "वाचनालय," मित्र म्हणाला. "पेपरवाले आजोबा सोडून." उघड्यावर लाउडस्पीकर दहाला बंद, म्हणून बंडखोरी चार भिंतींच्या आत आली, काचेच्या दुहेरी दारामागे, एसीत. बंडखोरांना मी पहिल्यांदाच स्वेटर घालून आलेलं पाहिलं.

मित्राने किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली छोटी डबी उघडली आणि त्यातून कानात घालायचे दोन रबरी बोळे काढले. मी थक्क झालो. कान किटेपर्यंत ऐकायला आलेल्या माणसाने बोळे घालावेत? त्याने मला गणित घातलं. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरवर पोचलात की पंधरा मिनिटं. आणि इथे शंभर म्हणजे गिटारवाला अजून वॉर्मअप करतोय.

"मग पैसे कशाचे दिले?"

"मी ऐकायचे दिले. तू बहिरं व्हायचे दिलेस."

आजूबाजूला पाहिलं तर सगळ्या जुन्या खोडांच्या कानात बोळे होते. उघड्या कानांनी छाती काढून उभे होते ते फक्त नवखे. मी काउंटरवरून कागदी रुमाल मागून घेतला आणि त्याच्या वाती वळल्या.

अशा वेळी माणूस प्रेक्षकांकडे बघतो. पन्नास-साठ जण असतील, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की यात प्रेक्षक असा कुणी नाहीच. पहिल्या बँडपुढे उभे असतात ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बँडचे वादक. पहिला उतरतो, घाम पुसतो आणि दुसऱ्याचा श्रोता होतो. उरलेल्यांत कुणाची तरी मैत्रीण दोन बॅगा आणि एक जॅकेट सांभाळत उभी, कुणाचा तरी धाकटा भाऊ मोबाइलवर शूटिंग करायला नेमलेला, आणि कुणीतरी फक्त टेम्पोच्या भाड्यात वाटा उचलला म्हणून आलेला. मागच्या भिंतीशी टेबल मांडून बँडचे टी-शर्ट विकायला ठेवले होते. टेबलामागे साधारण पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. अंगात सुती ड्रेस, ओढणी नीट पिन केलेली, कानात कापूस, समोर कवट्यांचे टी-शर्ट मापाप्रमाणे लावलेले.

"तुमचा कोणता?" त्यांनी मला विचारलं.

"काय?"

"मुलगा कोणता? ड्रमवाला का? कपाळ सारखं वाटतं."

मी म्हटलं, माझा कुणीच नाही, मी मित्राबरोबर आलोय, ऐकायला.

"नुसते ऐकायला?" बाईंनी कानातला कापूस काढून खात्री करून घेतली. मग पार्किंगहून आलेल्या यजमानांना त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या. हे नुसते ऐकायला आलेत."

यजमानांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्यांच्या डोळ्यांत थेट कृतज्ञता होती. त्यांचा चौथ्या बँडचा गायक. बाई शाळेत इंग्रजी शिकवतात, सातवी-आठवीला. "गाणी तोच लिहितो," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "वही टेबलावर टाकतो. मी वाचते. सेमेट्रीचं स्पेलिंग प्रत्येक गाण्यात चुकलेलं. त्याच्याच पेनाने, त्याच्यासारखं अक्षर काढून दुरुस्त करून ठेवलं. त्याला काही माहीत नाही."

मग साउंडचेक. माइकवर 'चेक, चेक' म्हणणारा प्रत्येकजण त्यानंतर माइककडे अशा संशयाने बघतो की त्याने काहीतरी उलटून बोलायला हवं होतं. ड्रम पबचा असतो, पण ड्रमवाला स्वतःच्या झांजा, स्नेअर आणि पायातलं पेडल घरून आणतो. ते लावायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याचं वाजवून व्हायचं असतं. गिटारवाल्याच्या पायाशी पेडलांची पाटी. त्यातली निम्मी पेडलं आवाज बिघडवायला आणि उरलेली तो बिघाड आटोक्यात ठेवायला. या सगळ्यावर राज्य करतो तो मागे अंधारात बसलेला साउंडवाला. गायकाला स्वतःचा आवाज वाढवून हवा, गिटारवाल्यालाही स्वतःचाच, बेसवाल्यालाही. साउंडवाला प्रत्येकाला अंगठा दाखवतो आणि कशालाच हात लावत नाही. सगळे म्हणतात, "हां, आता परफेक्ट."

पहिल्या बँडच्या गायकाने तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो घशातून येत नव्हता, तळघरातून येत होता. खाली सगळ्यांनी पहिलं आणि शेवटचं बोट ताठ करून हात वर केले. मला वाटलं सैतानाची खूण. मित्र कानाशी ओरडला की ही खूण लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओने, आणि त्याने ती उचलली आपल्या इटालियन आजीकडून. आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. म्हणजे पन्नास-साठ माणसं काळे कपडे घालून, कर्कश आवाजात, त्या वीस वर्षांच्या पोराची दृष्ट काढत होती. मीही बोटं वर केली. मीठ-मोहऱ्या तेवढ्या नव्हत्या.

गाणी दोन-दोन मिनिटांची होती, त्यामुळे तक्रारीला सवड मिळाली नाही. एवढा गुरगुरणारा तो गायक शेवटचं गाणं संपल्यावर म्हणाला, "थँक यू हं. सगळे नीट घरी जा." यात विसंगती काही नाही, हे मला पुढे रात्रभर पटत गेलं. मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन नावाचा बँड आहे. त्याचा गायक साहिल मखिजा स्वतःला डेमनस्टीलर म्हणवतो आणि यूट्यूबवर अत्यंत शांतपणे केटो आहाराच्या पाककृती दाखवतो. भयानक मौत नावाचा बँडही मुंबईचाच. त्याचं नाव वाचता येतं, शिवाय मराठी माणसाला संध्याकाळच्या पेपरातल्या बातमीसारखं घरगुती वाटतं.

दुसऱ्या बँडवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण त्यांनी आमचा पुष्कळ घालवला. पहिल्याच गाण्यात गिटारची केबल गेली आणि गायकाला बोलत राहणं भाग पडलं. "मुंबई, कशी आहेस?" तो गरजला. समोरची बरीचशी मुंबई त्याच्याबरोबर एकाच टेम्पोतून आली होती. "ठीक," एकजण म्हणाला. मग त्याने समाजाविषयी, यंत्रणेविषयी आणि केबलविषयी कडक मतं मांडली. केबल तिसऱ्या बँडने दिली.

तो तिसरा बँड. चार मुलं, तीन वाद्यं आणि गाणारा कुणीच नाही. चौथा लॅपटॉपजवळ उभा होता आणि त्याचं काम शेवटपर्यंत मला समजलं नाही. यांनी सुरुवात केली आणि समोरची मानेला झटके देणारी मंडळी एकदम अडखळली. माना खाली जायच्या वेळी ठोका वर, वर यायच्या वेळी खाली. मित्र म्हणाला, "विषम आहे. मोज." मी मोजलं, आणि लहानपणी तबल्याच्या क्लासात छडी खाऊन पाठ केलेलं काहीतरी बोटांत जागं झालं. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सात मात्रा. पोरं चक्क रूपकात वाजवत होती! बेसवाला तीन-दोन-दोनचे तुकडे पाडत होता, ड्रमवाला मुद्दाम समेवर गप्प बसत होता, आणि गिटार दर वेळी एक मात्रा उशिरा घरी येत होती. मी मांडीवर ताल धरला. समोरच्या केसाळ मुलाने वळून माझ्या हाताकडे पाहिलं, दोन आवर्तनं पाहिलं, आणि त्याप्रमाणे मान हलवायला लागला. त्याचं बघून शेजारचा. थोड्या वेळात पाच-सहा धडधाकट मेटलवाले माझ्या मांडीवर डोळे लावून मान टाकत होते. एवढा आदर मला घरी कधी मिळालेला नाही. मग बँडने अकरा मात्रा धरल्या आणि आमचं घराणं तिथेच संपलं.

पण एक क्षण होता. तिघं कुठल्यातरी टोकाला पोचले, आणि एकही खूण न करता एकदम थांबले. सगळं बंद. एसीची घरघर ऐकू आली, काउंटरवर कुणीतरी बर्फ टाकला तो ऐकू आला. आणि मग तिघं एकत्र खाली आले. मैफलीत अशा जागेला तोंडातून आपोआप जे निघतं ते माझ्या तोंडून निघालं, मोठ्यांदा. "क्या बात है" ऐकून ड्रमवाला दचकला. त्यांना शिव्यांची सवय होती.

चौथा बँड आला तोवर गर्दी पातळ झाली होती. मुंबईत शेवटच्या बँडचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे मध्य रेल्वे. टिटवाळा, बदलापूर, अंबरनाथ अशी गटागटाने माणसं उठतात, आणि विरार-नालासोपारावाले आपली गाडी उशिराची म्हणून जरा तोऱ्यात थांबतात. राहिलेल्यांनी मध्ये गोल मोकळा केला आणि एकमेकांवर आदळायला सुरुवात केली. मी भिंतीला लागलो. एक पोरगा पडला. क्षणात चार हातांनी त्याला उभं केलं, पाठ झटकली, बाटली दिली. कुणीतरी हात उंच करून ओरडला, "चष्मा कुणाचा? चष्मा!" सगळे थांबले, मालक सापडला, काच पुसून झाली, आणि मग पुन्हा विध्वंस सुरू झाला. "काका, इकडे सेफ आहे," म्हणत एका टॅटूवाल्याने माझ्यासमोर हात आडवा धरला आणि पूर्ण गाणं तो तसाच धरून ठेवला. आमच्या डोंबिवली फास्टमध्ये सकाळी पडून पाहा, चष्म्याचं सोडा, तुमची चौकशी कुर्ला येईपर्यंत होत नाही.

गायक खरंच जोरकस होता. तो जमिनीवर गुडघे टेकून, शिरा ताणून कशाबद्दल तरी ओरडत होता. टेबलामागे बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

संपल्यावर टेबलाशी आलो. मित्राने लार्ज मागितला. बाईंनी त्याला आपादमस्तक पाहून डबल एक्सएल काढला. "आटतो धुतल्यावर. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा." कवटीवर काही छापलं होतं, ते मला वाचता येईना, म्हणजे बँड पोचलेला होता. तेवढ्यात गायक टॉवेलने मान पुसत आला.

"काका, तुम्ही ते नुसते ऐकायला आलेले ना? बाबा म्हणाले. कसं वाटलं? खरं सांगा."

"छान वाटलं," मी म्हणालो. "फक्त शब्द एकही कळला नाही."

त्याने आईकडे चोरून पाहिलं आणि मला कोपराला धरून दोन पावलं बाजूला नेलं.

"हळू बोला, काका. तिला वाटतं, सगळी निसर्गावर आहेत."